किनाऱ्यावर तंबू टाकायचाय? आधी वाऱ्याच्या वेळा बघा

प्रश्न ऐरोलीच्या एका ताईंचा आहे. घरात नवरा-बायको, ९ आणि ५ वर्षांची दोन मुलं आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. जानेवारीत दोन रात्री राजापूर तालुक्यात, आंबोळगडच्या बाजूला, गर्दी नसलेल्या किनाऱ्यावर तंबूत राहायचा बेत आहे. सहा माणसांचा, आत उभं राहता येईल असा उंच तंबू नुकताच घेतलाय. ताई विचारतात : "तिथे वारा फार असतो म्हणतात. तंबू टिकेल का, तो कुठे लावायचा, आणि सासूबाईंना न्यावं की नको?"

ताई, मी नेरूळची. सासर देवगड तालुक्यातलं, आणि गेली अठरा वर्षं ठाणे-नवी मुंबईतली कुटुंबं बरोबर घेऊन कोकणच्या किनाऱ्यावर मुक्काम करते. तुमच्या प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते, कारणं मागून सांगते. सासूबाईंना न्या. नवा तंबू घरी ठेवा. आणि जो काही तंबू न्याल तो पुळणीवर, म्हणजे उघड्या वाळूवर, लावू नका.

कारणांची सुरुवात माझ्या फजितीपासून करते. पहिल्यांदा आम्ही तिघं गेलो तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. संध्याकाळी पाचला समुद्रावरून सणसणीत वारा येत होता. शहाण्यासारखा विचार केला आणि तंबूची पाठ समुद्राकडे, दार गावाकडे केलं. रात्री नऊला वारा पडला. काय सुरेख जागा निवडली म्हणून आम्ही एकमेकांची पाठ थोपटली आणि झोपलो. तीनच्या सुमाराला गार वाऱ्याचा लोट थेट दारातून आत शिरला आणि तंबू फुग्यासारखा फुगला. पुढच्या दोन खुंट्या वाळूतून अलगद सुटल्या. आम्ही दोघं कोपऱ्यात बूड टेकून उजाडेपर्यंत तंबूला वजन देत बसलो. मुलगी मात्र गाढ झोपली होती. सकाळी सासरे चहाची किटली घेऊन आले, तंबूकडे बघितलं आणि म्हणाले, "गो, वारो रातीक फिरता, ह्यां तुका कोणी सांगूक नाय?"

सांगितलं होतं खरं तर. सहावी-सातवीच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनीच पाठ केलेत. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरून हवा येते, तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते आणि उलटं होतं. जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई. परीक्षेत दोन मार्क मिळाले आणि विषय संपला. तंबूत झोपणाऱ्या माणसाला मात्र याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही. वाऱ्याच्या दिवसाला वेळापत्रक असतं, आणि तुमची सगळी सहल त्या वेळापत्रकावर बसवावी लागते.

जानेवारीत आपल्या किनाऱ्यावर ते साधारण असं चालतं. सकाळी दहा-अकराला वारा जवळजवळ मरतो. मग खारा सुरू होतो, दोन ते पाचच्या दरम्यान तो सगळ्यात जोरात असतो, आणि तो सरळ पश्चिमेकडून न येता बहुतेक वेळा वायव्येकडून, किनाऱ्याला तिरका येतो. सूर्य बुडाल्यावर उतरतो. मध्ये दोन-चार तास शांत जातात. मध्यरात्रीनंतर पूर्वेकडून, ईशान्येकडून मतलई सुरू होतो. खाऱ्याइतका जोर त्याच्यात नसतो, पण तो गार असतो आणि तेव्हा माणूस झोपेत असतो. हे घरबसल्याही कळतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या दिवशी ऐरोलीत दुपारी एकपर्यंत जीव नकोसा होतो, आणि बातम्यांत सांगतात की समुद्रावरचा वारा आज उशिरा सुरू झाला. तेच हे.

म्हणून पश्चिमेकडे तोंड असलेल्या कोकणच्या किनाऱ्यावर तंबूचं दार दक्षिणेला ठेवायचं. दिवसाचा वायव्येचा वाराही दारात येत नाही आणि रात्रीचा पूर्वेचाही नाही. समुद्र अंथरुणातून दिसत नाही हे खरं. समुद्र बाहेर येऊन बघायचा.

आता तुमच्या तंबूबद्दल. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. वारा ताशी ३६ किलोमीटर असेल तर समोरच्या एक चौरस मीटर कापडावर साधारण सहा किलोचा भार येतो. तुमच्या तंबूची उभी बाजू तीन मीटर लांब आणि दोन मीटर उंच धरली, तर छत्तीस किलो झाले. झोत ७२ ला गेला की तोच आकडा दीडशे किलोच्या घरात जातो. इतकं वजन फायबरच्या चार काड्या आणि बोटाएवढ्या खुंट्या पेलणार आहेत का? बुटका घुमटी तंबू, उंची चार फुटांच्या आत, वाऱ्याला अंग चोरून बसतो. कमी कापड अडतं, आणि जे अडतं त्याच्यावरून वारा घसरून जातो. तीन माणसांचे दोन घुमटी तंबू घ्या. विकतच घ्यायला हवेत असं नाही, ठाणे-नवी मुंबईत ट्रेकिंगचं सामान भाड्याने देणारे आहेत. उंच तंबूचं वाईट वाटून घेऊ नका, तो बंद आवारात किंवा मळ्यात छान चालेल.

जागेचं जरा सविस्तर सांगते, कारण खुंट्या-दोऱ्यांवर लोक तासभर बोलतात आणि जागा पाच मिनिटांत ठरवतात.

कोकणच्या बहुतेक पुळणींची रचना सारखीच असते. समुद्र, ओली वाळू, मग कोरडी वाळू, तिच्यावर जांभळ्या फुलांची पसरलेली वेल, तिच्या मागे सुरूचं बन, त्याच्या मागे वाडीचा जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत, आणि मग माड-पोफळी, घरं. त्या वेलीचं नाव मर्यादवेल. समुद्राची मर्यादा दाखवते म्हणून मर्यादवेल, इतकं सरळ नाव आहे. रोजच्या भरतीत जिथे खारं पाणी खेळतं तिथे ती टिकत नाही. मर्यादवेलीच्या समुद्राकडच्या बाजूला तंबू लावायचा नाही, आणि जागा साफ करायला म्हणून ती उपटायची तर अजिबात नाही, तिथली वाळू तिनेच धरून ठेवलेली असते.

तुमची जागा सुरूचं बन आणि गडगा यांच्या मधल्या पट्ट्यात. दुपारचा खारा बन अडवतं, रात्रीचा मतलई गडगा आणि त्यामागची झाडं अडवतात. पक्की भिंत वाऱ्याला फार चांगला आडोसा देत नाही, हेही सांगून ठेवते. वारा भिंतीवरून उडी मारतो आणि मागे गरगरत खाली येतो. अर्धवट झिरपू देणारा आडोसा, म्हणजे झाडांची रांग, वाऱ्याची ताकद मोडतो आणि शांत पट्टा लांबवर, झाडांच्या उंचीच्या आठ-दहा पटीपर्यंत मिळतो. म्हणून बनाला किंवा गडग्याला अगदी चिकटून बसायची गरज नाही. वाळलेल्या फांद्यांखाली नको, माडाखाली तर नकोच. झावळी पडायला वाऱ्याचं निमित्त पुरतं, आणि नारळाला तेवढंही लागत नाही. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, तोंडाशी सपाट, गुळगुळीत वाळू मिळते, ती मोहात पाडते. तिथे उधाणाचं पाणी मागून येतं. केवड्याच्या जाळीजवळ नको.

ही जागा कोणाची तरी असते. सुरूची बनं बरीचशी वनखात्याची, मागचा पट्टा खाजगी किंवा गावाचा. आधी एकदा जाऊन, नाही तर कोणामार्फत फोन करून, गावात विचारा. ग्रामपंचायतीत सांगा. परवानगी हा सोपस्कार आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की रात्री काही झालं तर कोणाचं दार ठोठवायचं ते ठरलेलं असतं. मी आजवर जिथे राहिले तिथे मागच्या घरातल्या काकूंना दोन वेळच्या जेवणाचे आणि न्हाणीघर वापरायचे पैसे देऊनच राहिले. यावर काही मंडळी नाक मुरडतात, हे खरं कॅम्पिंग नव्हे म्हणे. पाच वर्षांच्या पोराला रात्री दोनला पोटात कळ आली की खरं-खोटं आपोआप ठरतं.

सासूबाईंचं उत्तर त्यातच आलं. त्यांची झोपायची सोय त्या घरात करा, पडवीत किंवा खोलीत, कॉटवर. दिवस तुमच्याबरोबर सुरूच्या सावलीत. बुटक्या तंबूत रांगत जाणं गुडघ्यांना जमत नाही, आणि जमिनीवरून रात्री दोनदा उठणं त्याहून नाही. एक पाठीची खुर्ची न्या, पण प्लास्टिकची हलकी नको, ती माणूस उठला की वाऱ्याने उलटते. कान झाकायला मफलर. माझा अनुभव असा की घरातल्या आज्या गावातल्या काकूंशी तासाभरात गट्टी करतात आणि उरलेल्या सहलीची रसद तिथून चालू होते.

पौर्णिमा टाळा. हे ऐकून सगळेच हिरमुसतात, कारण चांदण्यात समुद्र बघायला म्हणूनच तारीख काढलेली असते. पण भरतीची वेळ तिथीवर चालते. कोळी आणि खारवी मंडळींचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला येते सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि रात्री बाराच्या आगेमागे. म्हणजे महिन्यातली मोठी भरती, उधाणाची, नेमकी तुम्ही गाढ झोपेत असताना. हिशेब मुंबईच्या आसपास चांगला जुळतो, दक्षिणेला भरती थोडी आधी येते. मुंबई-अलिबागकडे उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं, मालवणकडे जाईपर्यंत ते निम्म्यावर येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, आणि भरती सकाळी-संध्याकाळी सहाच्या आगेमागे. पहिल्या मुक्कामाला अष्टमी-नवमी बघा. अर्धा चंद्र असतोच, आणि शुक्ल अष्टमीचा तर मध्यरात्रीपर्यंत पुरतो.

मुलांना हे आधी घरीच दाखवता येईल, खाडी तुमच्या दाराशी आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोटी सुटतात त्यासुद्धा भरतीचं गणित बघूनच. एका रविवारी सकाळी आणि दुपारी दोनदा जाऊन या. चिखल कुठे होता आणि पाणी कुठे आलं ते मुलगा स्वतः बघेल, मग किनाऱ्यावर "इथे का नाही लावायचा तंबू?" हा वाद होत नाही.

खुंट्या. तंबूबरोबर येणाऱ्या सातआठ इंची खुंट्या कोरड्या वाळूत म्हणजे तुपात सुरी. त्या घरी ठेवल्या तरी चालेल. पाच किलो तांदळाच्या रिकाम्या पिशव्या आठ-दहा घ्या. तिथल्याच वाळूने भरा, तोंड बांधा, तणाव्याची, म्हणजे तंबू ताणून धरणारी, दोरी पिशवीच्या कमरेला बांधा आणि हातभर खोल खड्ड्यात आडवी पुरा. वर वाळू टाकून पायाने तुडवा, एक बादली पाणी ओता. ओली, दाबलेली वाळू पिशवीला अशी धरून बसते की दोरी तुटेल पण पिशवी येणार नाही. पिशवी नसेल तर हातभर लांबीचं जाड लाकूड आडवं पुरूनही तेच काम होतं. तणावा जमिनीशी जितका तिरका, पसरट, तितका चांगला, म्हणून चार मिलिमीटरची नायलॉन दोरी वीस-पंचवीस मीटर जास्तीची घ्या. गाठी सुरगाठीसारख्या, ओढली की सुटणाऱ्या मारा. अंधारात, गार बोटांनी निरगाठ सोडवत बसलेला नवरा हे फार करुण दृश्य असतं.

आंबोळगडच्या बाजूला पुळणीखेरीज सडाही आहे, म्हणजे उघडा कातळ. तिथे वाऱ्याला अडवायला गवताची काडी नाही. जांभ्यात खुंटीही शिरत नाही. चिऱ्यांना दोरी बांधता येते, पण चिऱ्याची धार रात्रभरात दोरी कापते, मध्ये गोणपाट गुंडाळावं लागतं. सड्यावरून सूर्यास्त बघा आणि खाली या. मुलांसह सड्यावर झोपू नका.

लावताना वाऱ्याकडची बाजू आधी पक्की करा, मग काड्या घाला. काड्या घातलेला पण न बांधलेला तंबू म्हणजे पतंग. मी एकदा एका कुटुंबाचा तंबू पुळणीवरून लोळत व्हाळात जाताना पाहिलाय, मागे बाबा आणि त्यांच्या मागे गावातली कुत्री. वाटेत हाच धडा शिकायचा नसेल तर आदल्या शनिवारी सोसायटीच्या गच्चीवर, सेक्रेटरींना विचारून, एकदा पूर्ण तंबू उभा करा. गच्चीवर खुंटी नाही, म्हणून पाण्याच्या वीस लिटरच्या भरलेल्या बाटल्यांना तणावे बांधा. दोघांना मिळून वीस मिनिटांच्या आत जमेपर्यंत करा. काडीचा एखादा तुकडा घरीच मोडला तर फार बरं, बदली काडी आणि वरून चढवायची छोटी धातूची नळी घ्यायची आठवण तेव्हाच होते.

स्वयंपाकाबद्दल थोडक्यात. तंबूत किंवा तंबूच्या दारात गॅस पेटवायचा नाही, पाऊस आला तरी नाही, वारा आला तरी नाही. कापड भुर्रकन जळतं हे सगळ्यांना माहीत असतं. बंद तंबूत जमणारा कार्बन मोनॉक्साइड वासही न देता मारतो, हे लक्षात राहत नाही. छोट्या डब्याच्या गॅसला वारा लागू नये म्हणून चहूबाजूंनी पत्रा लावतात, तेही धोक्याचं, आत डबा तापतो. माझा उपाय नर्सरीवाल्यांकडे मिळणारी हिरवी शेडनेट, पन्नास टक्क्यांची. पाच-सहा मीटर लांब, दीड मीटर उंच, चार बांबूंना बांधली की तिच्यामागे पाच मीटरभर चांगला निवारा होतो. नेट वाऱ्याची ताकद मोडते, पण स्वतः शिडासारखी फुगत नाही. ताडपत्री लावाल तर बांबूसकट उडेल.

सुरूच्या बनात चूल नको. खाली पडलेल्या सुरूच्या काड्यांचा थर कापसासारखा पेटतो आणि दुपारचा वारा असेल तर आवरत नाही. दुपारचं जेवण कोरडं ठेवा : दशम्या, लसणाची चटणी, चिरलेली काकडी. रात्री वारा पडतो तेव्हा गरम. मेतकूट-भात-तूप वाळूत बसून जितका चांगला लागतो तितका घरी कधी लागत नाही. तीन लिटरचा कुकर न्या, झाकण असल्यामुळे वाळू पडत नाही. प्यायचं आणि शिजवायचं पाणी माणशी रोज चार-पाच लिटर धरा. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं, मुलं ते पीत नाहीत आणि संध्याकाळी डोकं दुखतं म्हणून कुरकुरतात.

आता पाणी. इथे मी जरा कडक होते, क्षमा करा. बहुतेक आया दुपारी फेसाळलेल्या लाटा बघून पोरांना पाण्यातून ओढून काढतात आणि सकाळी आठला समुद्र तळ्यासारखा सपाट दिसला की टायर-ट्यूब देऊन सोडतात. सकाळच्या त्या सपाट पाण्यावर मतलई वाहत असतो, जमिनीकडून समुद्राकडे. पूर्वी शिडाच्या होड्या याच वाऱ्यावर पहाटे बाहेर पडायच्या आणि दुपारी खाऱ्यावर परत यायच्या. तुमच्या मुलाची हवा भरलेली ट्यूबही तशीच बाहेर पडेल, फक्त परत यायला दुपारपर्यंत थांबता येणार नाही. हवेची ट्यूब, हवेचा हंस, मोठा बीचबॉल, यातलं काहीही समुद्रावर नेऊ नका. बॉल पाण्यात गेला तर गेला, त्याच्यामागे कोणीही पोहत जायचं नाही, हा नियम बाबांनाही लागू. गुडघाभर पाणी, मोठं माणूस मुलाच्या आणि समुद्राच्या मध्ये उभं, आणि ओहोटी जोरात असताना बाहेर. किनाऱ्यावर फुटत येणाऱ्या लाटांच्या मध्ये एखादा पट्टा गुळगुळीत, लाट न फुटणारा दिसला तर ती सुरक्षित वाट नव्हे, तिथूनच पाणी आत ओढत असतं. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला. वाळूत बसलेलं पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, असेल तर ते सरकून जातं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, वेदना उतरते, आणि मग डॉक्टर.

वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही, हे आणखी एक. अंग गार लागतं आणि पाठ भाजत असते. लांब बाह्यांचे सुती कपडे, आणि टोपीला हनुवटीखाली नाडी.

रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठी ठाऊक आहे. वीतभर-दीडवीत साप, जांभ्याच्या दगडांखाली असतो, डिवचला की अंगाचे खवले घासून करवतीसारखा आवाज करतो. रात्री विजेरीशिवाय आणि बंद बुटांशिवाय कोणीही पाऊल टाकायचं नाही, आणि चूल मांडायला मुलांना दगड उचलायला पाठवायचं नाही. चावलाच तर आवळून बांधणं, चिरा देणं, मांत्रिक हे सगळं सोडून तो भाग न हलवता सरळ सरकारी रुग्णालय, प्रतिविष तिथे मिळतं. लाल विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरून दाखवलं तेव्हापासून कोकणातली किती तरी मुलं वाचली, पण औषध वेळेत मिळालं पाहिजे. सकाळी बूट झटकून घालायचे, बॅगांच्या चेन बंद ठेवायच्या. जायच्या आधी जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं आणि रात्री किती मिनिटं लागतात ते गावातच विचारून ठेवा. १०८ ला रुग्णवाहिका आणि १०९३ ला सागरी पोलीस, हे दोन आकडे मुलांनाही पाठ करवा.

निघायच्या दोन दिवस आधी हवामान खात्याचा अंदाज बघा आणि त्यात सरासरी वेग न बघता झोताचा आकडा बघा, तंबू झोताने मोडतो. माझी मर्यादा अशी : आडोशाच्या जागेत झोत ताशी तीस-पस्तीसपर्यंत असेल तर तंबू, चाळीसच्या पुढे असेल तर मुलांसह घरात झोपायचं. तिथे गेल्यावर आकडे नसले तरी वाळू सांगते. कोरडी वाळू जमिनीलगत सरपटायला लागली की वारा ताशी विसाच्या पुढे गेलेला असतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, तेही बघा, कारण दूरच्या वादळाची लाट वारा नसलेल्या दिवशीही येते. हिवाळा म्हणजे निर्धास्त असंही नाही. फयान चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ ला कोकण किनाऱ्यावरून गेलं, ओखी चक्रीवादळाची झळ डिसेंबर २०१७ च्या सुरुवातीला लागली. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या गाड्यांवर पांढुरकी धूळ बसली होती आठवतं? तोही उत्तरेकडून आलेला वाराच होता. एकंदरीत डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ चांगला, मार्चनंतर दुपारचा वारा आणि ऊन दोन्ही वाढतं.

फेब्रुवारीत गेलात तर कासवांच्या वेळा सांभाळा. ऑलिव्ह रिडले नोव्हेंबरपासून अंडी घालायला येतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि गावकऱ्यांनी कासवं राखायचं जे काम सुरू केलं त्यामुळे आता बऱ्याच गावांत घरटी राखली जातात. रात्री पुळणीवर प्रखर दिवे फिरवू नका, पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राऐवजी तुमच्या तंबूशी येतात. विजेरीला लाल जिलेटिन कागद बांधला तरी काम भागतं. गाडी पुळणीवर उतरवू नका, हे कासवांसाठी आणि तुमच्या गाडीच्या हप्त्यांसाठी.

एक अडचण प्रवासाची. नवी मुंबईहून आंबोळगड म्हणजे पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, पाच वर्षांच्या मुलाला आणि सासूबाईंना घेऊन एका दिवसात पोचलात तर संध्याकाळच होते, आणि अनोळखी जागी अंधारात तंबू लावणं ही सगळ्या चुकांची आई. एक तर पहाटे चारला निघा, नाही तर चिपळूणला एक रात्र थांबा. त्याहून बरं म्हणजे आधी डिसेंबरात एक रात्र अक्षी-नागाव करून या. अलिबागच्या पलीकडेच आहे, सुरूही आहेत, आणि नाहीच जमलं तर दोन-तीन तासांत घरी येता येतं. जे काही विसरणार आहात ते तिथे विसरून घ्या.

परतीच्या दिवशी घाई करून पहाटे तंबू उतरवू नका, मतलई चालू असतो आणि वरचं कापड दवाने भिजलेलं असतं. चहा-न्याहारी करा. दहा-अकराच्या सुमाराला मतलई पडतो, खारा अजून आलेला नसतो, तो तासभर झाडाचं पान हलत नाही. तेव्हा उतरवा. सगळ्यात शेवटी वाऱ्याकडचे तणावे सोडा. पुरलेल्या पिशव्या उकरून वाळू तिथेच रिकामी करा आणि पिशव्या घरी आणा.

घरी आल्यावर तंबू तसाच पिशवीत कोंबून लॉफ्टवर टाकू नका. बादलीत साध्या पाण्याने मीठ काढा, साबण नको, गच्चीवर सावलीत दोन दिवस वाळवा. चेनच्या दातांमधली वाळू जुन्या टूथब्रशने काढून वर मेणबत्ती घासा.